आतड्याला परवानगी

“सर, आतडं म्हणजे नक्की कोणाचं?” इमारतीच्या सेक्रेटरींनी विचारलं.

“माणसाचं,” मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सेक्रेटरींनी चष्मा काढला की नकार येतो, हे आमच्या इमारतीत लहान मुलांनाही ठाऊक आहे. म्हणून मी घाईघाईनं पुढं म्हणालो, “पुठ्ठ्याचं आहे. आतून रांगत जाता येईल एवढं. मुलांना शिकवण्यासाठी.”

“म्हणजे आपल्या इमारतीतली मुलं आपल्या सभागृहात माणसाच्या आतड्यातून रांगणार.”

“एका टोकानं शिरायचं, दुसऱ्या टोकानं बाहेर पडायचं.”

“दुसरं टोक कुठलं ते मला कळतं, सर,” ते म्हणाले. “पण सभागृह आहे सभांसाठी आणि वाढदिवसांसाठी. आतडं दोन्हींत बसत नाही.”

जन्मभर वर्गात विज्ञान शिकवलेल्या माणसाला याहून मोठा अपमान काय व्हायचा, असं मला तेव्हा वाटलं. मोठा अपमान पुढं वाट बघत होता, आणि तो मी स्वतःच्याच हातांनी थापून, वाळवून तयार करत होतो. पण ते तेव्हा कुठून कळणार. तेव्हा मी नवा अर्ज लिहिला, त्यात ‘आतडं’ खोडून ‘शैक्षणिक बोगदा’ असं घातलं, आणि परवानगी मिळाली. सरकारदरबारी असो की इमारतीत, वस्तू तीच ठेवून नाव बदललं की बरंच काही मंजूर होतं. अट मात्र घातली गेली. बोगदा रात्री सभागृहात राहणार नाही आणि जिन्यात अजिबात थांबणार नाही. म्हणजे कार्यक्रम होईपर्यंत तो आमच्या बैठकीच्या खोलीत राहणार, हे ओघानंच आलं.

“अहो, सोफा कुठं ठेवायचा मग?” हिनं विचारलं. ही म्हणजे माझी बायको.

“आतड्याच्या मागं,” मी म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाली की अशा उत्तरावर बायको काही बोलत नाही, नुसती बघते.

हे सगळं चाललं होतं नातीसाठी. तिला घरात मुंगी म्हणतात. नाव मीच ठेवलेलं, ती लहानखुरी होती आणि सतत काहीतरी ओढून नेत असायची म्हणून. पुढं तेच नाव मला बोचायला लागलं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मी तिच्या उंचीची पेन्सिलीनं खूण करतो. वरच्या खुणा इतक्या जवळ आल्या होत्या की एकच जाड रेघ दिसावी. हातापायांच्या काड्या, पोट तेवढं फुगलेलं, चेहरा पिठासारखा पांढरा. शाळेची सहल निघाली की तिचं पोट हमखास बिघडलेलं. वर्गातल्या सगळ्या मुलांनी प्राणिसंग्रहालय पाहिलं, मुंगीनं आमच्या संडासाचं दार पाहिलं.

मग डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, नळी घालून आतडंही पाहिलं, आणि सांगितलं की हा सीलिअ‍ॅक आहे. गहू आणि त्याची भावंडं, म्हणजे जव वगैरे, कायमची बंद. औषध एकच, न खाणं. “रक्तातल्या अँटीबॉडी हळूहळू उतरतील,” त्या म्हणाल्या, “आतडं भरून येईल, उंचीही वाढेल. पण एक कणही नको.”

“तलावाकाठची सहल आहे,” मुंगीनं तिथल्या तिथं विचारलं. “मुक्कामाची. जाऊ?”

“तोवर रिपोर्ट उतरत राहिला तर जा. डबा घरचा न्यायचा.”

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मुंगीनं तेव्हाच बॅग भरली, आणि रोज संध्याकाळी ती पुन्हा उघडून, सगळं नीट आहे ना बघून, पुन्हा भरायची.

सूनबाई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिनं घरातली कणीक, पाव, बिस्किटं, रवा, मैदा, सॉसच्या बाटल्या सगळं बाहेर काढलं. डबे उकळत्या पाण्यानं धुतले. लाटणं फेकलं, लाकडी चमचे फेकले, चाळणी फेकली. माझ्या खोकल्याच्या गोळ्यांचं वेष्टनसुद्धा तिनं भिंग लावून वाचलं. मुलगा वीज कंपनीत आहे. तो ऑफिसात चोरून बिस्किट खाऊन आला तर तिला दारातूनच कळायचं, आणि त्याला आंघोळीला पाठवलं जायचं. पहिल्याच तपासणीत अँटीबॉडी उतरलेल्या निघाल्या. मुंगीच्या गालावर जरा रंग आला. इथं मी गप्प बसायला हवं होतं. सगळं सुरळीत चाललेलं असताना गप्प बसण्याची विद्या मात्र शिक्षकांच्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

माझी अडचण घरातल्यांची नव्हती, शेजाऱ्यांची होती. वरच्या मजल्यावर एक विमावाले राहतात. मुंगी जिन्यात भेटली की ते तिला अर्धं बिस्किट देऊ करायचे. पूर्ण देत नाहीत, कारण ती आजारी आहे. मी समजवायला गेलो तर म्हणाले, “सर, पाण्याची भीती असलेल्याला काय करतो आपण? आधी पायरीवर बसवतो. तसं थोडं थोडं द्यायचं. सवय होते.”

“हे पोहणं नाही.”

“सगळं पोहणंच आहे, सर,” ते म्हणाले. त्यांच्या धंद्यात असं बोलून खपतं.

समोरच्या शिवणवाल्या काकूंचं मत वेगळं होतं. “दृष्ट लागल्यासारखी पोर, आणि तुम्ही तिचं खाणंच बंद केलंत. आमच्या वेळी नव्हते असले आजार.” त्यांच्या वेळी आजार होते, तपासण्या नव्हत्या, हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. त्यांनीही शांतपणे ऐकून घेतलं आणि मुंगीच्या हातात केकचा तुकडा ठेवला. मुंगीनं तो परत दिला. आठ वर्षांची मुलगी केक परत देते तेव्हा तिला तलाव किती दिसत असेल, याचा विचार करा.

आणि व्याही. आजार आनुवंशिक आहे असं डॉक्टरबाई म्हणाल्या त्याच संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. “आमच्याकडं असलं काही नाही हं. आमच्या घराण्यात सगळ्यांची पोटं दगड पचवणारी.”

“विहीणबाईंना जन्मभर पित्ताचा त्रास आहे ना?” मी म्हणालो.

“पित्त वेगळं.”

“तपासलंय कुणी?”

व्याह्यांनी विषय हवामानावर नेला. मला वाटलं, मुद्दा जिंकला. सूनबाई तिथंच भांडी पुसत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण एकच पातेलं बराच वेळ पुसत राहिली. पुढं डॉक्टरबाई म्हणाल्या की हवं तर घरातल्या सगळ्यांची जनुकं तपासता येतील. सर्वांत आधी मीच बाही वर केली. निर्दोष सुटण्याची खात्री असलेला आरोपी जसा हसतमुखानं कोर्टात जातो, तसा मी रक्त देऊन आलो. मागोमाग घरातल्या बाकीच्यांनीही दिलं, विहीणबाईंनीसुद्धा. तो रिपोर्ट बाहेरगावच्या प्रयोगशाळेतून यायचा होता. त्याला वेळ लागतो म्हणाले. लागू दे म्हटलं.

तर एकदा सगळ्यांना नीट समजावून सांगितलं की बिस्किटं, पोहणं, दृष्ट आणि पित्त सगळंच मिटेल, असं मला वाटलं, आणि त्यातून आतडं निघालं. आधी नुसता तक्ता काढणार होतो. मग वाटलं, तक्त्यापुढं लोक जांभया देतात. वस्तू हातात यायला हवी. एका शेजाऱ्याकडं नव्या फ्रिजचं खोकं होतं. एका खोक्याचं आतडं आखूड होतं, म्हणून मी इमारतभर खोक्यांसाठी फिरलो. शेवटी आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत एक वळणदार बोगदा तयार झाला. शिवणवाल्या काकूंनी आतून लावायला गुलाबी अस्तर दिलं. त्यांचं मन मोठं आहे, सल्ला सोडला तर.

रसांकुर ही खरी कलाकुसर होती. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, ते अन्नरस शोषून घेतात. तेच रसांकुर. ते करायला मी जुनी वर्तमानपत्रं काढली, काकूंनी त्यांच्या गॅसवर बादलीभर खळ शिजवून दिली, आणि मुंगी नि मी रोज संध्याकाळी बसलो. कागदाची पट्टी खळीत बुडवायची, बोटाभोवती गुंडाळायची, काढून वाळत ठेवायची. मुंगीचे रसांकुर माझ्यापेक्षा सुबक व्हायचे, कारण तिची बोटं खऱ्याच मापाच्या जवळची. काम करता करता मी शिकवायचो. आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळी कुठल्या, असं मला कुणी विचारलं तर मी याच सांगेन. म्हणून तर वाईट वाटतं.

“गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं,” मी सांगायचो. “बाकीची प्रथिनं पोटात अगदी बारीक तुटतात. याचे मात्र लांबच लांब तुकडे शिल्लक राहतात.”

“सगळ्यांच्या पोटात?”

“सगळ्यांच्या. माझ्याही. पण माझ्याकडं ते गुपचूप पुढं निघून जातात. तुझ्याकडं भिंतीच्या आत शिरलेला तुकडा पकडला जातो. आत एक विकर असतं, म्हणजे एन्झाइम. त्याचं खरं काम डागडुजीचं. ते जाता जाता या तुकड्यात एक लहानसा बदल करतं. मग एक पेशी तो बदललेला तुकडा उचलते, तबकात ठेवते आणि टी-पेशींना दाखवते. टी-पेशी म्हणजे राखणदार.”

“तबक कसलं?”

“पेशीच्या अंगावरच असतं ते. ते कसं घडवायचं ते जनुकं ठरवतात, आणि जनुकं येतात आईबाबांकडून. प्रत्येकाचं तबक जरा निराळं. बऱ्याच तबकांत हा तुकडा नीट बसतच नाही, घरंगळून जातो. तुझ्या तबकात अगदी चपखल बसतो. राखणदार बघतात आणि त्यांना वाटतं, चोर आला. मग ते हाकाटी करतात, अँटीबॉडी बनायला लागतात, गव्हाविरुद्ध आणि त्या बिचाऱ्या डागडुजीवाल्या विकराविरुद्धसुद्धा. त्या मारामारीत रसांकुर झिजून सपाट होतात. मग तू कितीही जेवलीस तरी अंगी लागत नाही.”

“असं तबक असलं की आजार होतोच?”

हा प्रश्न तिनं विचारला तेव्हा मला अभिमान वाटला. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना सुचला नसता. “नाही. असं तबक पुष्कळांकडं असतं. त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो. का, ते अजून कुणाला पुरतं ठाऊक नाही. पण तबक हवंच, आणि गहूही हवाच. दोन्ही असल्याशिवाय होत नाही.”

मुंगी बोटावर वाळलेला पापुद्रा दातानं सोलत ऐकत होती. मुलं फेव्हिकॉलचा पापुद्रा सोलतात ना, तसा. मी तिला लक्ष देऊन ऐकणारी मुलगी म्हणून मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

कामात विघ्नं आली. सकाळी उठावं तर ओळीनं वाळत ठेवलेले रसांकुर कुरतडलेले. घरात उंदीर शिरला होता. आमच्या घरात अन्न इतकं बंद डब्यांत असताना त्याला कागद खायची पाळी आली, याची मला दया आली. आता आठवतं तेव्हा जाणवतं, की ते खाण्याची वस्तू आहे हे एका उंदराच्या लक्षात आलं होतं. मी पिंजरा लावला आणि खळीचं प्रमाण वाढवलं, म्हणजे रसांकुर घट्ट होतील.

मग मुंगीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. सहलीच्या आदल्या आठवड्यात. अँटीबॉडी चढल्या होत्या.

डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचला. “कुठून तरी पोटात जातंय,” त्या म्हणाल्या. “रोज, थोडं थोडं. शोधा. सहल या वेळी राहू दे.”

मुंगी रडली नाही. घरी येऊन तिनं बॅग उघडली आणि कपडे एकेक करून कपाटात ठेवले. मोजे शेवटी. ते मला बघवलं नाही, म्हणून मी गुन्हेगार शोधायला निघालो.

विमावाल्यांना मी जिन्यात गाठलं. “अर्धं बिस्किट दिलंत ना?”

“सर, केव्हाच बंद केलं. ती घेतच नाही. उलट मलाच सांगते, काका, तुम्हीपण साखर कमी खा.”

शिवणवाल्या काकूंना विचारलं, त्यांनी दार लावून घेतलं. व्याह्यांना विचारलं, त्यांनी फोन ठेवला. शाळेत जाऊन मुंगीच्या बाईंना विचारलं, त्यांनी डब्याच्या वेळी तिला स्वतःच्या शेजारी बसवत असल्याचं सांगितलं. हिच्या पर्समधली मिठाई शोधली, तिथं माझाच हरवलेला चष्मा निघाला. आणि सर्वांत शेवटी मी सूनबाईला विचारलं. “तुझ्याकडूनच कुठं काही राहिलं नाही ना?”

“नाही, बाबा,” ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं धुतलेले सगळे डबे परत खाली काढले आणि परत उकळले.

व्याख्यान मी पुढं ढकललं नाही, उलट अलीकडं ओढलं. इमारतीतला कुणीतरी निष्काळजी माणूस त्यातून शिकेल, असा माझा हेतू होता. रविवारी सकाळी आम्ही आतडं खाली न्यायला घेतलं. लिफ्टमध्ये ते शिरेना. जिन्याच्या वळणावर अडकलं ते अडकलंच. वरून मुलगा ढकलत होता, खालून मी ओढत होतो. इतक्यात भाजी घेऊन येणाऱ्या विमावाल्यांना पलीकडं जायला वाट नव्हती, म्हणून ते आतून गेले. मध्यावर त्यांचा आवाज आला, “सर, इथं अरुंद आहे.”

“ते खऱ्या आतड्यातही असतं,” मी म्हणालो.

सेक्रेटरी खालच्या पायरीवर उभे राहून बघत होते. “जिन्यात थांबणार नाही, असं ठरलं होतं,” ते म्हणाले. त्यांच्या हातात अर्जाची प्रत होती. अखेर विमावाल्यांना पाय धरून ओढलं, त्यांच्याबरोबर आतडंही सुटलं आणि मूठ-मूठभर रसांकुर जिन्यावर सांडले. विमावाल्यांच्या भाजीत दोन सापडले. त्यांनी ते अदबीनं परत केले.

सभागृह भरलं होतं. लोक शिकायला आले होते की मी आणखी कुणावर आरोप करतो ते बघायला, कुणास ठाऊक. काकू पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या. ही आणि सूनबाई मागं होत्या. मुंगी बोगद्यात शिरली होती, कारण दुसऱ्या टोकानं बाहेर येऊन ‘मी अन्नरस’ असं म्हणण्याचं काम तिच्याकडं होतं. मी खळीची बादली टेबलावर ठेवली, सुटलेले रसांकुर हाताशी घेतले, आणि बोलता बोलता चिकटवायला लागलो. शिक्षकानं हातानं काम करत बोललं की श्रोते टिकतात, ही माझी जुनी युक्ती.

तबक सांगितलं, राखणदार सांगितले, विकर सांगितलं. लोक ऐकत होते. मग मी मूळ मुद्द्यावर आलो. “तुम्हाला वाटतं गहू म्हणजे पोळी, पाव आणि बिस्किट. चूक. तो कुठंही लपतो. डोळ्यांसमोर असतो आणि आपण त्याला ओळखत नाही. आपल्यापैकी कुणीतरी त्याला ओळखलं नाही म्हणून आज एका मुलीची सहल हुकली आहे.” काकूंनी मान दुसरीकडं वळवली. “मैद्यात ग्लूटेन असतं. मैदा भाजा, उकळा, शिजवा, त्याचं काही बिघडत नाही. त्याचं रूप बदलतं, नाव बदलतं, पण आत ग्लूटेन तसंच. आता साधं उदाहरण घ्या. हा रसांकुर मी चिकटवतोय. कशानं? खळीनं. खळ कशाची केली? मैद्याची. आणि मैद्यात काय—”

वाक्य तिथंच राहिलं.

माझी बोटं बादलीत होती. बोगद्याच्या दुसऱ्या टोकातून मुंगीचं डोकं बाहेर आलं होतं. ती आपली पाळी कधी येते याची वाट बघत, करंगळीवरचा वाळलेला पापुद्रा दातानं सोलत होती.

मैदा घरात आणायचा नाही, हा नियम मी इतका काटेकोर पाळला होता की खळ शेजारच्या गॅसवर शिजवून घेतली. शिजल्यावर ती माझ्या लेखी मैदा राहिलीच नव्हती. सगळी हयात मी खळ तक्त्यांना लावली, नकाशांना लावली, मुलांच्या फाटक्या पुस्तकांना लावली. खळ ही शाळेतली वस्तू. ती स्वयंपाकघरातून येते हे मला ठाऊक होतं, आणि तरीही ते कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी सेक्रेटरींच्या अर्जात जे केलं तेच. नाव बदललं आणि वस्तू आत घेतली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सेक्रेटरींनी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि माझ्याकडं न बघता परत लावला. विमावाले हळूच म्हणाले, “म्हणजे माझं अर्धं बिस्किट सुटलं म्हणायचं.”

“अरे देवा, मैद्याचा डबा मीच उघडला हो,” असं काहीसं पुटपुटत काकू रडायला लागल्या, आणि मला त्यांचीही समजूत घालायला तोंड उरलं नव्हतं. सूनबाई उठली. बाहेर जायचा चांगला पोशाख घातलेला होता, तशीच ती गुडघ्यांवर बसून बोगद्यात शिरली, पलीकडून मुंगीला घेऊन बाहेर आली आणि नळाखाली तिचे हात धुवायला लागली. खूप वेळ धूत होती. नळाचा आवाज तेवढा सभागृहात ऐकू येत होता.

डॉक्टरबाईंना सांगायला मी एकटाच गेलो. त्या रागावतील अशी आशा होती. त्या नुसत्याच म्हणाल्या, “पाव विचारतो, औषधं विचारतो, लिपस्टिकसुद्धा विचारतो. खळ कधी विचारली नव्हती. यापुढं विचारीन.” मग टेबलावरचं एक पाकीट माझ्याकडं सरकवलं. “हे तुम्हा सगळ्यांच्या जनुकांचं. आजच आलं.”

सूनबाईकडं ते तबक नव्हतं. विहीणबाईंकडं नव्हतं, म्हणजे पित्त खरंच वेगळं. मुलाकडं होतं. हिच्याकडं नव्हतं. माझ्याकडं होतं. जन्मभर ते माझ्यात निमूट पडून राहिलं, मला कधी साधी ढेकर दिली नाही, आणि मुलाच्या हातून हळूच पुढं सरकलं.

“नाक तुमचं, हट्ट तुमचा, अक्षर तुमचं,” ही म्हणाली. “आता हेही.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

या आजाराला दोन गोष्टी लागतात, तबक आणि गहू, हे मी साऱ्या इमारतीला शिकवलं होतं. दोन्ही मीच दिल्या. व्याह्यांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, “अहो, चालायचंच.” एवढंच. मी त्यांच्या जागी असतो तर तासभर बोललो असतो. सूनबाईची माफी मी दोनदा मागितली. दोन्ही वेळा तिनं “असू दे, बाबा” म्हटलं, आणि दोन्ही वेळा तिच्या हातात एखादा डबा होता.

सहलीची बस निघाली त्या सकाळी मी आतडं तोडायला घेतलं. हातमोजे घातले, नाकावर फडकं बांधलं. मुंगी दारात स्टुलावर बसली होती. खोलीत यायची तिला मनाई होती. बस आमच्या खालच्या रस्त्यावरून जाते. मुलांचा गलका आला आणि पुढं गेला. तिनं खिडकीकडं पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. आम्ही दोघांनी मिळून पाहिलं नाही, असंच म्हणायला हवं.

मी तिच्या हातचे रसांकुर एकेक सोडवून कचऱ्याच्या पिशवीत टाकत होतो. ते फार सुबक झाले होते.

“आजोबा, टी-पेशी वाईट असतात का?”

“नाही गं. त्या घर राखायलाच ठेवलेल्या असतात. मनापासून राखतात. फक्त भलत्यालाच चोर समजतात, आणि त्याला बडवताना घराच्याच भिंती पाडतात.”

तिनं थोडा विचार केला. “म्हणजे तुमच्यासारख्या.”

इतक्या वर्षांत एवढं बरोबर उत्तर मला कुठल्या वर्गानं दिलं नव्हतं. मी मान हलवली आणि कात्री शोधण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं. कात्री हातातच होती.

“मग त्यांना चूक कळली की त्या थांबतात?”

“गहू मिळाला नाही की शांत होतात. पण विसरत नाहीत. एकदा मनात धरलं की जन्मभर लक्षात ठेवतात. म्हणून तर तुला जन्मभर सांभाळायचं.”

ती स्टुलावरून उतरली आणि उंबरठ्याच्या पलीकडंच, पाय नेमके फरशीच्या रेघेवर ठेवून उभी राहिली.

“मी मात्र विसरेन,” ती म्हणाली.

माझा चेहरा फडक्याआड होता, तरी तो तिला दिसला असावा, कारण व्यवहार स्पष्ट असलेला बरा अशा सुरात तिनं लगेच पुढचं सांगून टाकलं.

“पण पुढच्या सहलीनंतर.”